मारहाणीचा गुन्हा आणि गरिबाचा वकील

मृगाच्या तोंडावर गावोगाव बांधाची भांडणे पेटतात. कुणी ट्रॅक्टरचे एक तास बांध कोरून पुढे नेलेले असते, कुणी बांधावरची बोर तोडलेली असते, कुणी काट्या टाकून वर्षानुवर्षांची गाडीवाट अडवलेली असते. शब्दाने शब्द वाढतो, हाताशी असेल ते उचलले जाते आणि अर्ध्या घटकेत सारे संपते. मग दोन्हीकडची माणसे तालुक्याच्या वाटेला लागतात आणि खरी लढाई तेथे सुरू होते. एका बाजूकडे जीपगाडी आहे, सोसायटीचा चेअरमन सोबत आहे आणि ठाण्यात शिरण्यापूर्वी फोन कुणाला करावा हे तिला ठाऊक आहे. दुसरी बाजू डोक्याला फडके बांधून फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी आहे. ती ठाण्यात पोहोचते तेव्हा पहिली खबर लिहून झालेली असते. फिर्यादी म्हणून घरून निघालेला माणूस आरोपी म्हणून ठाण्याचा उंबरठा ओलांडतो, आणि ही गोष्टही त्याला बाकावर बसवल्यानंतरच कळते.

अशा माणसाला त्या रात्री वकील मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्या दिवशी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्यावर. पुष्कळदा तोही मिळत नाही. परंतु मारहाणीच्या खटल्याचे भवितव्य बहुतांशी त्या पहिल्या चोवीस तासांतच ठरते. तेथे लिहिले गेलेले चार शब्द आणि सरकारी रुग्णालयातील एक कागद यांवर पुढची पाच-सात वर्षे उभी राहतात. गरिबाला मोफत वकील देण्याची व्यवस्था या देशात कायद्याने झालेली आहे. मात्र ती नेमके हे चोवीस तास सोडून सुरू होते. मारहाणीच्या गुन्ह्यांचा विचार करताना या उणिवेकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मुळात ‘मारहाण’ या नावाचा एकच एक गुन्हा कायद्यात नाही, हे सामान्य माणसाला माहीत नसते. १८६० सालची भारतीय दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, दंडाच्या काही रकमा वाढल्या. पायऱ्या मात्र जुन्याच राहिल्या. अंगाला स्पर्शही न करता, आता हा मारणार अशी भीती वाटेल असा हावभाव करणे हा कायद्याच्या भाषेतला ‘हमला’. त्याला कलम १३१ खाली तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. प्रत्यक्ष वेदना झाली की ती ‘दुखापत’, कलम ११५. शिक्षा एक वर्षापर्यंत, गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. जुन्या कलम ३२३ मध्ये एक हजार रुपये असलेला दंड येथे दहा हजारांपर्यंत गेला आहे. त्यापुढची पायरी ‘जबर दुखापती’ची. डोळा जाणे, कान जाणे, अवयव निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड मोडणे, दात पडणे. किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे अथवा तितके दिवस नेहमीचे कामधाम करता न येणे. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. जबर दुखापतीला कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे मुस्कटात मारलेली चपराक गालावर थांबली तर एक वर्ष, आणि तिने दात पडला तर सात. मारणाऱ्याच्या रागात काडीचा फरक नसतो. फरक असतो तो दाताच्या मुळात.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट हत्याराची आहे. साधी दुखापतही भोसकण्याच्या वा कापण्याच्या हत्याराने, किंवा ज्याने मृत्यू येण्याचा संभव आहे अशा साधनाने केली, की ती कलम ११८ मध्ये जाते. तिची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, परंतु गुन्हा अजामीनपात्र आहे. उलट कलम ११७ ची जबर दुखापत सात वर्षांच्या शिक्षेची असूनही जामीनपात्र आहे. या दोन कलमांचा मेळ प्रत्यक्ष आयुष्याशी घालून पाहिला म्हणजे एक विलक्षण चित्र दिसते. मुकादमाने ऊसतोड मजुराला ढकलून त्याचा हात मोडला, तर मुकादमाला ठाण्यातूनच जामीन मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याच झटापटीत मजुराच्या हातातला कोयता मुकादमाच्या दंडाला चाटून गेला आणि दोन टाके पडले, तर मजुराचा जामीन हक्काचा राहत नाही, तो न्यायालयाच्या मर्जीचा होतो. मजूर कोयता घेऊन भांडायला आलेला नव्हता. तो सकाळपासून त्याच कोयत्याने ऊस तोडत होता. ज्याचे पोट कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार, पान्हा यांवर चालते, त्याच्या हातात भांडणाच्या क्षणीही तेच असते. आणि ज्याच्या हाताला काम करावे लागत नाही त्याचा हात रिकामा असतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा भेद खासच नव्हता. तरीही तो कायद्यात उतरला आहे, आणि १८६० सालची संहिता मोडून नवी घडवताना तो कुणाला खटकलाही नाही.

अर्थात हत्यार होते की नव्हते, ते मारण्यासाठी उगारले की झटापटीत लागले, हे सारे पुराव्याने ठरायचे असते. पण पुरावा गोळा होतो कोठे? ठाणे अंमलदार जबाब लिहून घेतो. सांगणारा म्हणतो, ‘त्याच्या हातात कोयता होता, मला लागला.’ कागदावर उतरते ते असे: ‘सदर इसमाने जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने कोयत्याने वार केला.’ शेवटच्या तीन-चार शब्दांनी गुन्हा कलम ११८ वरून कलम १०९ वर, म्हणजे खुनाच्या प्रयत्नावर जातो आणि प्रकरण सत्र न्यायालयाचे होते. उलट दिशेचा प्रवासही तितकाच नित्याचा आहे. शेतमजुराचे डोके फुटलेले असते, आणि त्याची ‘एन.सी.’ नोंदवून, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या वहीत दोन ओळी लिहून, त्याला वाटेला लावले जाते. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखेरीज करता येत नाही. तो आदेश मागण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि तेथे जायचे कसे हे सांगणारे त्याच्याजवळ कुणी नसते. हाच मजूर अनुसूचित जातीचा असला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली त्याची फिर्याद नोंदण्यापूर्वीच समोरच्या पक्षाची दरोड्याची वा विनयभंगाची फिर्याद त्याच्याविरुद्ध नोंदली जाणे, हा प्रकार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना नवा नाही. तेव्हा पहिल्या रात्री जाणकार माणूस जवळ असण्याची गरज आरोपीइतकीच मार खाल्लेल्या फिर्यादीलाही असते, आणि पुष्कळ वेळा हे दोघे एकच असतात.

दुसरा कागद वैद्यकीय अधिकाऱ्याचा. जखम साधी की जबर, कोणत्या साधनाने झालेली, किती तासांपूर्वीची, हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र बंद असेल तर मोडलेले हाड ‘सूज’ म्हणून नोंदले जाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाईपर्यंत चार दिवस उलटतात. पण याहून गंभीर चूक होते ती आरोपीच्या अंगावरील जखमांबाबत. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, तिच्या अहवालाची प्रत त्याला मिळाली पाहिजे, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तशी तरतूद होती. ही निव्वळ उपचाराची बाब नाही. स्वतःच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे. आरोपीने त्या हक्काचा आधार घ्यायचा तर त्यालाही मार बसला होता हे दिसले पाहिजे. आरोपीच्या जखमा कशा झाल्या याचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर त्याच्या साक्षीदारांच्या खरेपणाविषयी शंका उत्पन्न होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले आहे. परंतु जी जखम कुणी नोंदलीच नाही तिचा खुलासा कोण मागणार? पाठीवरचे वळ आठ दिवसांत मावळतात. खटल्याची पहिली साक्ष तीन वर्षांनी होते.

दोन्ही पक्षांच्या परस्परविरोधी फिर्यादी असतील तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांनी, एकापाठोपाठ ऐकून, निकालही एकदमच द्यावेत, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये नथी लाल खटल्यात घालून दिले आहे. हे मागण्यासाठीसुद्धा वकील लागतो. तो नसला की एक खटला एका न्यायालयात, दुसरा दुसऱ्यात, आणि ज्याच्याकडे वकील आहे त्याच्या बाजूची कथा आधी सिद्ध होऊन बसते.

बांधावरून जरा कारखान्याच्या फाटकाकडे वळावे. संप, धरणे, घेराव यांतून जे खटले उभे राहतात त्यांत लोकसेवकावरील हमल्याचे कलम ठरलेले असते. दंडसंहितेच्या कलम ३५३ खालील दोन वर्षांची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ साली पाच वर्षांवर नेली होती. नव्या संहितेच्या कलम १३२ मध्ये ती मूळच्या दोन वर्षांची आहे. गुन्हा पूर्वीप्रमाणेच अजामीनपात्र. ग्रामसेवकाच्या टेबलावरचा कागद ओढला, तलाठ्याची वाट अडवली, फौजदाराच्या हाताला हिसडा दिला, एवढ्यावर हे कलम लागते. रुग्णालयात वा कार्यालयात जाऊन कर्मचाऱ्यांना मारहाण करणारे लोकही या राज्यात आहेत, आणि त्या कर्मचाऱ्यांना संरक्षण हवे याविषयी दुमत असू नये. परंतु हे कलम केवळ शिक्षेसाठी वापरले जात नाही. अशी दोन-तीन प्रकरणे एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर जमली, की त्याला ‘चॅप्टर’ची नोटीस येते, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला जातो, आणि पुढे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली तडीपारीचा प्रस्ताव तयार होतो. मूळ खटल्यांत तो पुढे निर्दोष सुटेलही. पण तोवर दोन वर्षे जिल्ह्याबाहेर राहून त्याची संघटना विस्कटलेली असते. म्हणून प्रकरण किरकोळ आहे, वकील कशाला, हा विचार चळवळीतील माणसाने तरी करू नये.

वकिलावाचून चाललेल्या खटल्याचे काय होते याचे उदाहरण कायद्याच्या इतिहासातच आहे. अरुणाचल प्रदेश केंद्रशासित होता तेव्हाची गोष्ट. बदल्यांचे आदेश रद्द करावेत म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्यातील एका सहायक अभियंत्याला धमकावल्याचा आरोप सुक दास नावाच्या माणसावर आणि त्याच्या साथीदारांवर ठेवण्यात आला. खटला चालला. सरकार पक्षाने आठ साक्षीदार तपासले. सुक दासला वकील नव्हता, वकील करण्याची ऐपत नव्हती, आणि साक्षीदारांची उलटतपासणी कशी घ्यावी हे त्याला कळण्याचा संभवच नव्हता. दोन वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने म्हटले की त्याने मोफत वकील मागितलाच नाही, तेव्हा त्याची तक्रार ऐकता येत नाही. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही त्याने तो मागितला नाही म्हणून हक्क नाहीसा होत नाही, असे सरन्यायाधीश भगवती यांच्या निकालाचे सार होते. पाच वर्षे आधी, भागलपूरच्या कोठडीत डोळे फोडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात, याच न्यायालयाने असे म्हटले होते की आरोपी समोर येताच त्याला या हक्काची माहिती देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्या प्रकरणातही न्यायदंडाधिकाऱ्यांचे उत्तर हेच होते: कुणी वकील मागितला नाही.

महाराष्ट्राला तर याहून स्पष्ट आदेश मिळालेला आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्यावर १९८३ साली निर्णय झाला. कोणालाही अटक करून कोठडीत नेताच पोलिसांनी ती बातमी जवळच्या विधी साहाय्य समितीला तत्काळ कळवावी आणि समितीने सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था लागलीच करावी, हे त्या निर्णयात आहे. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. आज तालुक्याच्या एखाद्या ठाण्यात जाऊन गेल्या महिन्यात अशी किती पत्रे समितीला गेली असे विचारले, तर ठाणे अंमलदार विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. दरम्यान २०१२ साली अजमल कसाबच्या अपिलाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकिलाच्या हक्काची सुरुवात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रथम हजर करण्याच्या क्षणाशी नेऊन ठेवली. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील हक्क मात्र अटकेच्या क्षणापासूनच आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की व्यवहारात त्यांचा अर्थ असा होतो: ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा वकील ठाण्यात येतो, ज्याच्या खिशात नाही त्याचा न्यायालयात.

आता वकील नेमण्याच्या व्यवहाराकडे. खेड्यातला माणूस प्रथम ज्या वकिलाकडे जातो तो पुष्कळदा त्याच्या जमिनीच्या दाव्याचा वकील असतो. ओळखीचा, विश्वासाचा, पण फौजदारीत फारसा न वावरलेला. फेरफाराचे काम उत्तम करणाऱ्याला साक्षीदाराची उलटतपासणी साधेलच असे नाही. मारहाणीच्या खटल्यात तर सारे त्यावरच असते. साक्षीदार कोठे उभा होता, उजेड किती होता, वार उजव्या हाताने झाला तर जखम डाव्या अंगाला कशी, हे प्रश्न विचारणारा वकील वेगळा. तो प्रत्यक्ष स्वतः उभा राहणार की कनिष्ठाला पाठवणार, सत्र न्यायालयात काम करतो की नाही, फी एकदाच घेणार की दर तारखेला, जामिनाची वेगळी आणि खटल्याची वेगळी का, हे आधीच विचारून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. घेतलेल्या पैशाची पावती मागणे हाही अपमान नव्हे.

न्यायालयाच्या आवाराबाहेर चहाच्या टपरीवर उभा असलेला, ‘साहेब आपलेच आहेत, जामीन नक्की’ असे सांगणारा गृहस्थ वकील नसतो, दलाल असतो. दलालांचा बंदोबस्त करण्याची तरतूद १८७९ सालच्या कायद्यात होती; २०२३ साली तो कायदा रद्द करून ती तरतूद अधिवक्ता कायद्यात आणण्यात आली. जिल्हा न्यायाधीशांना अशा लोकांची यादी जाहीर करता येते. यादी झाली वा न झाली, टपरी कधी रिकामी दिसत नाही. निकाल नक्की सांगणाऱ्या वकिलापासूनही दूर राहिलेले बरे. काम झाले तरच फी, हा करार बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला करताच येत नाही. तसेच आपण चालवतो त्या न्यायालयात आलेले काम योग्य फी मिळत असता सहसा नाकारू नये, हेही त्याच नियमांत आहे. एखाद्या गावात जातीय दंगल होते, वा हल्ला झालेला माणूस स्वतः वकील असतो, आणि स्थानिक बार असोसिएशन ठराव करते की आरोपीचे वकीलपत्र कुणी घ्यायचे नाही. असे ठराव बेकायदेशीर आणि निरर्थक आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तामिळनाडूतील एका प्रकरणात बजावले आहे. तरीही ते होत राहतात, आणि ते करणारे स्वतःला लोकभावनेचे प्रतिनिधी समजतात.

वकील नसलेल्याचे सर्वांत मोठे नुकसान मात्र गाजावाजा न होता घडते. साध्या दुखापतीच्या खटल्यात तारखांना कंटाळलेल्या मजुराला कुणीतरी कानात सांगतो, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी आणि एस.टी.चे भाडे जमेस धरले तर हा सल्ला त्याला शहाणपणाचा वाटतो. तो कबूल करतो. त्या दिवसापासून तो शिक्षा झालेला गुन्हेगार असतो. मुलाला नव्हे, पण त्याला स्वतःला उद्या एस.टी.त, नगरपालिकेत, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत चारित्र्य पडताळणीला सामोरे जायचे झाले, की ती नोंद पुढे येते. याच खटल्यात जखमी झालेल्याशी तडजोड करून तो मिटवता आला असता. कलम ११५ च्या गुन्ह्यात तसे करण्यास कायद्याची मुभा आहे. कलम ११७ च्या गुन्ह्यातही न्यायालयाच्या परवानगीने ती आहे. दोष सिद्ध झालाच असता, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका मागता आली असती, आणि त्या कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेने येणारी अपात्रताही टळली असती. हे त्याला सांगणारे कुणी नव्हते. कोठडीत असलेल्याचेही तसेच. तपास साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत पुरा होऊन आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण अर्ज त्याच वेळी करावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज झाला नाही आणि बासष्टाव्या दिवशी आरोपपत्र आले, की तो हक्क गेला.

आणि जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला असेही नाही. हमीदाराचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. भूमिहीनाचे नातलगही बहुधा भूमिहीनच असतात. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांची हमी मागितली आणि भावाची हमी तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा आदेश दिला. आज संहितेच्या कलम ४७८ मध्ये अशी तरतूद आहे की जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याच्या आत हमीदार देऊ न शकलेला माणूस निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावा. त्या आठवड्याचा हिशेब ठेवणारा माणूस मात्र हवा. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अद्याप निकालात निघालेला नव्हता.

मोफत वकिलाविषयी गरिबांच्या मनात जो अविश्वास आहे तो अकारण नाही. फुकटचा वकील मन लावून लढणार नाही, तो सरकारचाच माणूस, ही समजूत अनुभवातून आलेली आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. परंतु पॅनेलवरील वकिलाला मिळणारे मानधन आणि त्याच्याकडून अपेक्षित काम यांचा मेळ कधी बसला नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ साली जी नवी योजना आणली तीत जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ, पगारी बचाव वकील नेमले जातात; खासगी कामे त्यांना घेता येत नाहीत. ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. सरकारी वकिलासमोर सरकारच्याच खर्चाने दुसरा वकील उभा राहतो, हे लोकशाहीला शोभणारे दृश्य आहे. पण तो जिल्ह्याला आहे, आणि भांडण गावात होते, कागद तालुक्याच्या ठाण्यात तयार होतो.

तेथवर तो वकील पोहोचवणे अवघड नाही. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती आहे, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि ठाण्यात नोंदवही आहे. अटकेची नोंद करताना, अटकेची कारणे व नातलगाला कळवल्याची वेळ जशी लिहिली जाते, तशीच समितीला कळवल्याची वेळ आणि तेथे बातमी घेणाऱ्याचे नाव लिहिण्याचा आदेश गृहखात्याला एका परिपत्रकाने देता येईल. १९८३ च्या निर्णयाची ती केवळ अंमलबजावणी ठरेल. त्यासाठी नवा कायदा नको, विधिमंडळाचे अधिवेशनही नको. पहिल्या रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला दोन प्रश्न विचारून उत्तरे नोंदवावीत: काल रात्री वकील भेटला होता काय, आणि अंगावर जखमा आहेत काय. आरोपीला त्याच्या हक्काची माहिती देण्यात कसूर करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकेल, असे कसाबच्या निकालात लिहिलेले आहेच. तालुका बार असोसिएशनमध्ये उमेदवारी करणाऱ्या तरुण वकिलांना आळीपाळीने रात्रपाळी नेमून दिली आणि एका खेपेला योग्य मानधन ठरवले, तर येणारा खर्च एका पोलीस जीपच्या डिझेलइतकाही होणार नाही. येत्या ऊसतोडीच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरण्यापूर्वी, साखर पट्ट्यातील पाच-दहा तालुक्यांत तरी याला आरंभ करून पाहावा. कोयता घेतलेली माणसे सर्वांत मोठ्या संख्येने त्याच दिवसांत, घरापासून दोनशे कोस दूर, अनोळखी ठाण्याच्या हद्दीत असतात.